छतावरच्या दिव्यामागील वायरिंग : वाशीम जिल्ह्यातील तीन पिढ्या

छतावरचा दिवा बदलताना निघणारा दोष पुष्कळदा दिव्यात नसतो, तर ज्या काळात त्या घरात वीज आली त्या काळच्या वायरिंगच्या पद्धतीत असतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्ह्याचा भाग १९५६ पर्यंत वऱ्हाडाबरोबर मध्य प्रदेशात होता, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात होता आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळही १९६० चेच असून, खेड्यापाड्यांतील वीज मुख्यतः त्यानंतरची आहे.

आरंभीच्या घरांत सागवानी पट्टीवर क्लिपांनी रबरी वायर ठोकलेली असे. ती उघडी दिसत असल्याने दोष शोधणे सोपे जाई. मात्र टिनाच्या छपराखालच्या उकाड्याने रबर कडक होई आणि होल्डर सोडवताना वायर किंचित वाकली तरी ते तडकत असे. पुढे तांबे महाग व आयातीवर अवलंबून असल्याने अ‍ॅल्युमिनियमची तार रूढ झाली. ही तार स्क्रूखाली हळूहळू दबते व तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून अशा तारेला नव्या दिव्याची तांब्याची तार नुसती पिळून जोडली, की तो सांधा तापू लागतो.

याहून फसवा प्रकार लूपिंगचा, म्हणजे मध्ये सांधा न ठेवता एका दिव्याच्या जागेवरून पुढच्या जागेकडे तार नेण्याच्या पद्धतीचा आहे. न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाच्या परतीची तार, छतावरच्या सीलिंग रोझमधून पुढे जात असेल, तर तिथला दिवा सोडवताच पलीकडची खोली अंधारते. आणि त्या खोलीतील चालू पंख्यातून फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेचा दाब, उलट येत असल्याने टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो. नवशिका इथेच दोन फेज आल्याचे ठरवून मोकळा होतो. जुन्या वायरमनचा टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा जोडलेला साधा बल्ब, अशा वेळी टेस्टरपेक्षा भरवशाचा ठरतो, कारण न्यूट्रल तुटलेली असेल तर तो या दोन तारांमध्ये लागतच नाही.

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी केवळ न्यूट्रलवर बटण बसवण्यास मनाई केली होती, तरी ही चूक घरोघर टिकून राहिली. बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उरत असे, पण तारेच्या बल्बमुळे ते उघड होत नसे. २०१५ मध्ये स्वस्त एलईडी दिव्यांची उजाला योजना सुरू होऊन ते घराघरांत पोहोचल्यावर बंद दिवे मंद उजळू लागले आणि अनेक दशकांची चूक डोळ्यांना दिसू लागली.

धातूच्या नव्या दिव्याला अर्थिंगची हिरवी तार लागते, जी जुन्या दुतारी जागेत नसतेच. जिथे ती असते तिथेही या भागातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या पाइपापासून सुटते व तिचा विद्युतरोध वाढतो. म्हणून त्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरून पाणी सोडण्याची रीत आहे.