सात अंक, आठ वर्षं

गेल्या दिवाळीत नात आली ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. तिच्या आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती, त्याची निमंत्रणपत्रिका करायची होती. मराठी मजकूर जमला. इंग्रजीसाठी तिने अक्षरांच्या वळणांची ही लांबलचक यादी उघडली आणि म्हणाली, "आजी, तूच सांग कुठलं घेऊ." मी 'गॅरामंड' या नावावर बोट ठेवलं. त्या नावामागची गोष्ट मला ठाऊक होती आणि ती सांगायची हुक्कीही आली होती. पण तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला (ऐन पाडव्याला!) आणि गोष्ट राहून गेली.

ही पोरगी दिवसभर एका कंपनीत पाकिटांची आणि खोक्यांची वेष्टनं आखते. रात्री मात्र एका जाड वहीत दुकानांच्या जुन्या पाट्यांचे फोटो चिकटवून त्याखाली लिहीत बसते. ह्या 'ळ'ची गाठ कशी, त्या 'श'चा फाटा कुठून आला, असलं काहीबाही. जाताना म्हणाली, "आजी, वही आता बंद करणार आहे. नोकरीतून वेळच उरत नाही. आणि वाचणार तरी कोण?" मी तेव्हा गप्प बसले. उत्तर म्हणून ती राहिलेली गोष्टच लिहून काढते. इथे नेहमी डोकावणाऱ्या मंडळींनीही वाचावी.

गोष्ट लंडनची. शहराच्या पूर्वेला प्लेस्टो नावाच्या भागात कर्वेन प्रेस नावाचा एक छापखाना होता. १८६३ साली जॉन कर्वेन या पाद्रीबुवांनी तो काढला तो संगीत छापण्यासाठी. पाच रेघांवरच्या टिंबांऐवजी स्वर अक्षरांनी लिहायची एक सोपी पद्धत त्यांनी रूढ केली होती. आपण सा रे ग म लिहितो ना, साधारण तशीच. गाणं गरिबांच्या पोरांनाही वाचता यावं, हा हेतू. त्यांचा नातू हॅरॉल्ड याने छापखान्याला नवं वळण दिलं आणि १९२० च्या सुमारास त्याच्याकडे ऑलिव्हर सायमन नावाचा तरुण कामाला लागला. जन्म १८९५ चा, पहिल्या महायुद्धातून परतलेला, मनात एकच गोष्ट धरून बसलेला, की आपण सुंदर पुस्तकं छापायची.

पण नोकरी काय होती? गिऱ्हाईक मिळवायचं! प्रकाशकांच्या दारात जायचं, कामं आणायची, भाव ठरवायचा, काम वेळेत निघतंय की नाही ते पाहायचं. आमच्या गावच्या छापखान्याचे मालक लग्नसराईत सायकलवरून हिंडत, त्यातलाच प्रकार, फक्त कॉलर कडक.

तेव्हा इंग्लंडात एक वाद पेटलेला होता. विल्यम मॉरिसने १८९१ साली केल्मस्कॉट प्रेस काढून हाताने जुळवलेली, हाताने छापलेली देखणी पुस्तकं केली, आणि तेव्हापासून जाणत्या लोकांचं मत झालं की सुंदर ते हातचंच, यंत्राचं ते बाजारू. सायमनला हे पटत नव्हतं. त्याच्या छापखान्यात मोनोटाइप यंत्र होतं. त्यावर कामगार कळफलक बडवतो, कागदाच्या पट्टीला भोकं पडतात आणि त्या भोकांवरून दुसरं यंत्र एकेक खिळा ओतून ओळी लावून देतं. अशा यंत्रानेही उत्तम पुस्तक होऊ शकतं, हे त्याला दाखवायचं होतं.

१९२२ मध्ये त्याने चार जणांना बोलावलं: स्टॅन्ले मॉरिसन, फ्रान्सिस मेनेल, हॉलब्रुक जॅक्सन आणि बर्नार्ड न्यूडिगेट. मंडळ काढायचं आणि दरवर्षी यंत्रावर जुळवलेलं एक नमुनेदार पुस्तक छापायचं, असा बेत. न्यूडिगेट हातजुळणीचे कट्टर अभिमानी, त्यांना यंत्र मान्य होईना. एक-दोन बैठकांत मंडळ आटोपलं! पाच शहाणे एका खोलीत बसले की काय होतं ते शिक्षकांच्या खोलीत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

मंडळ बुडालं, पण सायमन आणि मॉरिसन यांनी ठरवलं की पुस्तक नाही तर नाही, नियतकालिक काढू. नाव ठेवलं 'द फ्लूरॉन'. फ्लूरॉन म्हणजे छापखान्यातला नक्षीचा खिळा, मजकुराच्या कडेला लावतात ते फूल. पहिला अंक १९२३ ला निघाला. त्यात मेनेल आणि मॉरिसन यांचा या फुलांच्या आणि वेलबुट्टीच्या इतिहासावरच लेख आहे. अंक कसले, जाडजूड ग्रंथच ते. अक्षरांचा इतिहास, जुने मुद्रक, नव्या पुस्तकांची परीक्षणं, मध्येच खऱ्या छपाईचे नमुने लावलेले.

मला यातली जी गोष्ट फार आवडते ती अशी, की नोकरी आणि छंद यांची दोन वेगळी कपाटं त्या माणसाने केलीच नाहीत. त्याने संपादन केलेले अंक छापले कर्वेन प्रेसमध्येच. दिवसा ज्या कागदासाठी गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची त्याच कागदाचा विचार रात्री अंकासाठी करायचा. अंक पाहून गिऱ्हाइकाला छापखान्याची ऐपत कळायची, म्हणजे नोकरीचं कामही त्यातच व्हायचं. यात थोडा स्वार्थ आहे, मान्य. पण आपल्याकडे पगाराचं काम ते खरं आणि बाकीचा 'रिकामा उद्योग' अशी जी वाटणी करतात, ती मला कधीच समजली नाही.

चार अंक सायमनने संपादन केले, १९२५ पर्यंत. पुढचे तीन मॉरिसनने.

मॉरिसनविषयी लिहायचं तर वेगळा लेखच लागेल. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली, कारकुनी करून पोट भरायचं. १९१२ साली 'टाइम्स'ची छपाईकलेवरची एक पुरवणी त्याच्या हाती पडली आणि माणूस जन्माचा अक्षरांच्या नादी लागला. युद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगातही गेला. पदवी नाही, प्रशिक्षण नाही, आणि पुढे मोनोटाइप कंपनी, केंब्रिज विद्यापीठाचा छापखाना आणि 'टाइम्स' अशा तिन्ही ठिकाणी अक्षरांचा सल्लागार! (माझ्या बी.एड.च्या सरांना हे ऐकवायला हवं होतं.) आता हा मोनोटाइपचा पगार घेणार आणि अंकात यंत्राच्या अक्षरांचा पुरस्कारही करणार, म्हणजे पंच आणि खेळाडू एकच. मला हे थोडं खटकतं. पण त्याच्याच संपादनाखालच्या पहिल्या अंकात, म्हणजे १९२६ च्या पाचव्या अंकात, जे छापून आलं ते वाचल्यावर माझा राग निवळतो. तीच ती गॅरामंडची गोष्ट.

क्लोद गारामों (इंग्रजांनी त्याचा गॅरामंड केला) हा सोळाव्या शतकातला पॅरिसचा खिळे कोरणारा कारागीर. १५६१ साली वारला. फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात काही जुने सुरेख ठसे होते ते त्याचेच, असं एकोणिसाव्या शतकात ठरवून टाकलं गेलं. ते पाहून अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने 'गॅरामंड' काढला, आणि १९२२ साली मोनोटाइपनेही. कोणाला शंका आली नाही.

म्हणजे एकाला आली होती. अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीचं एक ग्रंथालय होतं, त्याचे प्रमुख हेन्री बुलन. त्यांच्या हाताखाली बिऑट्रिस वॉर्ड नावाची एक तरुण मुलगी साहाय्यक होती, जन्म १९०० चा, न्यूयॉर्कची. बुलन तिला एकदा बोलून गेले, की हा टाइप सोळाव्या शतकातला असेल असं मला वाटत नाही, त्या काळच्या एकाही पुस्तकात मला तो दिसलेला नाही. एवढं एक वाक्य. १९२५ मध्ये ती नवऱ्याबरोबर युरोपात आली आणि ते वाक्य डोक्यात घेऊनच आली.

तिने शोध सुरू केला. 'फ्लूरॉन'साठी लेख लिहूनही झाला. तो छपाईच्या वाटेवर असताना ती काही तारखा ताडून पाहायला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात गेली, आणि तिथे तिला जाँ जानों या मुद्रकाच्या अक्षरनमुन्यांचं एक पान सापडलं. तेच अक्षर! तिने रात्रीची बोट पकडून पॅरिस गाठलं आणि माझारीन ग्रंथालयात नमुन्यांची मूळ पुस्तिका काढून पाहिली. सेदाँ गावी १६२१ साली छापलेली. गारामों जाऊन तोवर साठ वर्षं झाली होती. म्हणजे साऱ्या जगात 'गॅरामंड' म्हणून मिरवणारं ते अक्षर जानोंचं होतं. झालेला लेख बाजूला सारून तिने नव्याने लिहिला.

लेख छापून आला, पण नाव होतं 'पॉल बोझों'. एक तर नवराही त्याच क्षेत्रातला, दोघांच्या नावांचा घोळ नको. आणि दुसरं तिने पुढे स्वतःच सांगितलं, की असल्या विषयात बाईचं कोण ऐकून घेणार? मग हे बोझों साहेब कोण, तर लांब करडी दाढी, चार नातवंडं, जुन्या लाकडी सामानाचा शौक, आणि पत्ता मोंपार्नासमध्ये कुठेतरी! लोकांनी दाढीवर विश्वास ठेवला.

इथे थोडं माझं सांगते. आमच्या शाळेचं वार्षिक मी एकोणीस वर्षं काढलं. वह्या तपासून झाल्या की रात्री अकरानंतर मजकूर लावायचा, आणि शाळा सुटल्यावर छापखान्यात जाऊन मुद्रितं तपासायची. तिथले जुळारी काका मला उलटे खिळे वाचायला शिकवत. संपादक म्हणून नाव मात्र छापलं जाई जे कोणी मुख्याध्यापक असतील त्यांचं. तसा रिवाजच होता, त्यात एका माणसाचा दोष नाही. मीही कधी विचारलं नाही. बोझोंची दाढी वाचली तेव्हा खूप हसले, आणि मग बराच वेळ काही वाचलं नाही.

असो. पुढची गंमत अशी, की ज्या कंपनीचं 'गॅरामंड' हे नाव चुकीचं ठरलं होतं, त्या मोनोटाइपनेच या बोझों साहेबांना आपल्या 'मोनोटाइप रेकॉर्डर' या पत्राचं संपादकपद देऊ केलं. १९२७ ची गोष्ट. साहेब हजर झाले ते सत्तावीस वर्षांची बाई होऊन! कंपनीतल्या मंडळींची तोंडं पाहण्यासारखी झाली असतील. पण त्यांनी शब्द फिरवला नाही. १९६० मध्ये निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती आणि अक्षरांविषयी इंग्लंड-अमेरिकेत भाषणं देत फिरली.

'फ्लूरॉन'चा सहावा अंक आला १९२८ ला आणि सातवा १९३० ला. सातव्यात मॉरिसनचा मुद्रणाच्या मूलतत्त्वांवरचा निबंध आहे, जो पुढे वेगळी पुस्तिका होऊन बराच पसरला. तिथेच त्यांनी अंक थांबवला. आठ वर्षांत सात अंक. आणखी दोन वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९३२ ला, 'टाइम्स' नव्या अक्षरात छापून आला. त्याच्यामागे मॉरिसन होता. तेच 'टाइम्स न्यू रोमन', जे माझ्या पिढीने संगणक शिकताना पहिल्यांदा पाहिलं.

सायमन मात्र नोकरीतच राहिला आणि पाच वर्षांनी त्याला पुन्हा खाज सुटली. १९३५ मध्ये त्याने 'सिग्नेचर' काढलं. या वेळी त्यात चित्रकारही आले. पॉल नॅश, ग्रॅहम सदरलंड, जॉन पायपर यांनी त्यात लिहिलं. पंधरा अंक निघाले, १९४० मध्ये युद्धाने ते बंद पाडलं. मधल्या काळात त्याने टायपोग्राफीची ओळख करून देणारं एक छोटं पुस्तक लिहिलं, ते १९४५ ला आलं, आणि १९४६ मध्ये 'सिग्नेचर' पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू! आणखी अठरा अंक, १९५४ पर्यंत. या सगळ्या वर्षांत छापखान्याची कामं चालूच होती, १९४९ पासून तर तो कंपनीचा अध्यक्ष होता. १९५६ मध्ये तो गेला.

हा मजकूर आधी नातीला फोनवर वाचून दाखवला. तिने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, "आठ वर्षांत सातच अंक? मग माझी वही एवढी काही मागे नाही." दुसरा प्रश्न असा, की तिच्या लॅपटॉपमधला गॅरामंड नक्की कोणाचा? तिच्याकडे होता तो मोनोटाइपचाच, म्हणजे जानोंचा. पत्रिका तर केव्हाच वाटून झाल्या होत्या.

ती म्हणाली, एक पत्रिका वहीत चिकटवते आणि खाली लिहून ठेवते.