फोटोच्या पाठीमागचे नाव

डब्लिनला आलेल्या पाहुण्यांना आपण सगळेच हौसेने टेंपल बारमध्ये नेतो. तिथली गर्दी दाखवतो, गाणे-बजावणे ऐकवतो आणि परत येतो. त्याच गल्ल्यांच्या मधोमध मीटिंग हाउस स्क्वेअर नावाचा एक चौक आहे. चौकाच्या एका बाजूला राष्ट्रीय ग्रंथालयाने १९९८ साली उघडलेले छायाचित्रांचे दालन आहे आणि समोरच फोटोग्राफीची दुसरी संस्था, १९७८ साली स्थापन झालेली. पूर्वी तिला 'गॅलरी ऑफ फोटोग्राफी' म्हणत, आता ती 'फोटो म्युझियम आयर्लंड' झाली आहे. एवढ्याशा देशाने एकाच चौकात फोटोंसाठी समोरासमोर दोन घरे का राखावीत, याचे मला फार दिवस कुतूहल होते. त्यापायी वाचत गेले आणि लक्षात आले, की इथल्या फोटोंचा इतिहास कॅमेऱ्यांपेक्षा मंडळांचा आहे. फोटो मध्ये ठेवून भोवती बसून बोलणाऱ्या हौशी माणसांचा आहे.

सुरुवात १८५४ पासून करू. त्या वर्षी डब्लिन फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढे १८५८ साली तिचे नाव 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ आयर्लंड' झाले आणि याच नावाने ती आजही चालू आहे. गंमत अशी, की त्याच १८५४ साली आपल्या मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी निघाली. लंडनची सोसायटी १८५३ ची, म्हणजे या दोघींची एका वर्षाने थोरली बहीण. मुंबईच्या सोसायटीत लष्करातले आणि सरकारातले साहेब होतेच, पण सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाडही होते. राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली ज्यांचे नाव दिले गेले, तेच हे भाऊ दाजी. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतःच फोटो काढत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला.

फोटो काढायला मंडळ कशाला लागते, असे आज वाटेल. त्या काळची कृती पाहिली की त्याचे उत्तर मिळते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. कलोडियन नावाचा चिकट द्रव काचेवर सारखा पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारात धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. मुंबईच्या उन्हाळ्यात कलोडियनमधला ईथर भराभर उडून जाई, तर डब्लिनला ढगांमुळे उजेडाचीच मारामार. कोणाला काय जमले, कोणाची काच का डागाळली, हे एकमेकांना सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून दर बैठकीला सभासद आपापले फोटो आणत, टेबलावर मांडत आणि त्यांवर चर्चा झडे. मुंबईच्या सोसायटीने तर अशा माहितीसाठी स्वतःचे नियतकालिकही काढले होते.

या हौशी लोकांत डॉक्टर पुष्कळ होते आणि तो योगायोग नव्हता. कलोडियन हे डॉक्टरांचे जखमेवर लावायचे औषध, ईथर भूल द्यायला वापरत आणि सिल्व्हर नायट्रेटही दवाखान्यातलेच. मुंबईत नारायण दाजी, तर इकडे टिपरेरी परगण्यातल्या क्लॉनमेल गावी डॉ. विल्यम हेम्फिल. या हेम्फिलसाहेबांनी आपल्या गावाच्या आणि आसपासच्या परिसराच्या दुहेरी फोटोंचे पुस्तकच १८६० साली काढले. आयर्लंडमध्ये आलेल्या आपल्या मराठी डॉक्टरांपैकी ज्यांच्या गळ्यात सदैव कॅमेरा असे, त्यांनी ही परंपरा आपलीच समजावी!

बायकाही मागे नव्हत्या. ऑफली परगण्यातल्या बर किल्ल्याची मालकीण मेरी, काउंटेस ऑफ रॉस, ही त्यांतली अग्रणी. तिच्या नवऱ्याने १८४५ साली पूर्ण केलेली ७२ इंची आरशाची दुर्बीण त्या काळी जगातली सर्वांत मोठी होती. नवरा आकाश बघत होता आणि बायको त्या दुर्बिणीचे, मुलांचे, घरच्या माणसांचे फोटो काढत होती. १८५९ साली आयर्लंडच्या सोसायटीने उत्कृष्ट कागदी निगेटिव्हसाठी तिला रौप्यपदक दिले. तिची अंधारी खोली रसायनांच्या बाटल्यांसकट पुढे कित्येक दशके किल्ल्यात जशीच्या तशी राहिली.

मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. हा सगळा वर्ग सुखवस्तू होता. १८४५ पासूनच्या ज्या बटाट्याच्या दुष्काळाने या देशातली सुमारे दहा लाख माणसे नेली आणि तितकीच परदेशी लोटली, त्याची आपण पाहतो ती चित्रे वृत्तपत्रांत छापलेली रेखाटने आहेत. कॅमेरा तेव्हा अस्तित्वात होता, पण झोपडीपर्यंत गेला नव्हता.

झोपडीच्या दारापर्यंत तो नेला रॉबर्ट फ्रेंच या माणसाने. हा पूर्वाश्रमीचा पोलीस शिपाई. डब्लिनच्या सॅकव्हिल स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या ओकॉनल स्ट्रीटवर, विल्यम लॉरेन्स याचे दुकान होते. त्याच्या पदरी राहून फ्रेंच देशभर हिंडला. बंदरे, बाजार, कोळीवाडे आणि अनवाणी पोरे त्याने काचेवर उतरवली. त्यांची पोस्टकार्डे खपली लॉरेन्सच्या नावाने. फ्रेंचचे नाव त्यांवर नसे. १९१६ च्या ईस्टरच्या उठावात ते दुकान लुटले गेले, जळाले आणि स्टुडिओत काढलेल्या व्यक्तिचित्रांच्या काचा नष्ट झाल्या. गावोगावच्या देखाव्यांच्या काचा दुसरीकडे ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. सुमारे ४०,००० काचांचा तो संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयाने १९४३ साली ३०० पौंडांना विकत घेतला. या काचांवर गावाचे नाव आहे, क्रमांक आहे. पण दारात उभ्या असलेल्या बाईचे नाव नाही. तिला ओळखणारे कोणी उरले नाही आणि ती नुसती 'आयरिश बाई' होऊन राहिली.

मध्यंतरी कॅमेरा स्वस्त झाला. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आणि १९०० साली एका डॉलरचा ब्राउनी आला. काच जाऊन रोल आला. आता धुण्याचे काम दुकानावर सोपवता येई, तरी क्लब काही बंद पडले नाहीत. उलट गावोगावी निघाले. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली, दिव्याखाली एकेक प्रिंट लावायची, परीक्षकाने गुणदोष सांगायचे, बाकीच्यांनी वाद घालायचा. ब्रिटनमध्ये तर पोस्टाने चालणारे क्लब होते. प्रिंटांची पेटी एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जाई. प्रत्येकाने आपला फोटो घालायचा, इतरांच्या फोटोंवर लेखी अभिप्राय द्यायचा आणि पेटी पुढे धाडायची. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा प्रकार, फक्त पैशांऐवजी फोटोंचा.

या रोलच्या युगातला इथला सर्वांत मोठा हौशी म्हणजे फादर फ्रान्सिस ब्राऊन. कॉर्कमध्ये १८८० साली जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू. त्याला कॅमेरा दिला बिशप असलेल्या काकांनी आणि त्यांनीच १९१२ साली त्याला टायटॅनिकचे साउथहॅम्प्टन ते क्वीन्सटाऊन, म्हणजे आजचे कोव्ह, एवढ्या प्रवासाचे तिकीट काढून दिले. जहाजावर भेटलेले एक अमेरिकन जोडपे त्याला न्यूयॉर्कपर्यंत न्यायला तयार होते, पण वरिष्ठांची 'उतरून ये' अशी तार आली. तो उतरला आणि जहाजाचे अखेरचे फोटो त्याच्याबरोबर किनाऱ्यावर आले. कोडॅक कंपनीने त्याला जन्मभर फिल्म फुकट पुरवली. १९६० साली तो वारला आणि त्याची पेटी विस्मरणात गेली. १९८५ साली फादर ओडॉनल यांना ती सापडली, तेव्हा आत सुमारे ४२,००० निगेटिव्ह निघाल्या. जुन्या नायट्रेट फिल्मवरच्या निगेटिव्ह आपोआप सडतात, पेटही घेतात. म्हणून त्यांच्या नव्या फिल्मवर प्रती काढाव्या लागल्या. पण माणूस शिस्तीचा. कुठे, केव्हा, कोण, हे त्याने टिपून ठेवले होते. म्हणून पंचवीस वर्षांनी उघडलेली पेटीसुद्धा बोलू लागली.

याच्या अगदी उलट गोष्ट आर्थर फील्ड्सची. त्याचे कुटुंब ज्यू. १८८५ साली कीव्हकडून ज्यूंच्या छळाला कंटाळून डब्लिनला आलेले. १९३० च्या दशकापासून पुढची पन्नासेक वर्षे हा गृहस्थ ओकॉनल पुलावर रोज उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढी आणि हातात चिठ्ठी देई; फोटो हवा असेल त्याने नंतर पैसे देऊन घ्यावा. त्याने १ लाख ८२ हजारांहून अधिक फोटो काढले असा अंदाज आहे. निगेटिव्ह मात्र ठेवल्या नाहीत, थोड्या थोड्या दिवसांनी फेकून दिल्या. १९९४ साली तो गेला, तेव्हा त्याच्याजवळ संग्रह म्हणून काहीच नव्हते. पण २०१४ साली त्याच्यावर माहितीपट निघाला, लोकांना 'तुमच्या घरातले पुलावरचे फोटो द्या' असे आवाहन झाले आणि घराघरांतून हजारो फोटो बाहेर आले. फोटोबरोबर माणसेही आली: ही आई, हा तिचा नवा कोट, त्याच दिवशी लग्न ठरले होते. मागे नेल्सनचा खांब दिसला की फोटो मार्च १९६६ च्या आधीचा हे कोणीही सांगे, कारण त्या महिन्यात तो खांब सुरुंगाने उडवला गेला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. लॉरेन्सच्या काचा सुखरूप राहिल्या, पण माणसांची नावे गेली. फील्ड्सच्या निगेटिव्ह गेल्या, पण नावे राहिली. दोन्हींपैकी गरीब कोण ठरले? माझ्या मते लॉरेन्सचा संग्रह. निगेटिव्ह नसली तरी घरातल्या प्रिंटवरून प्रत काढता येते. ओळखणारा माणूस गेल्यावर ते नाव कोठून आणणार?

हे इथल्या हौशी लोकांना वेळीच उमगले होते. १९९०-९१ मध्ये स्थानिक इतिहास मंडळांच्या महासंघाच्या स्वयंसेवकांनी फ्रेंचचे १,००० फोटो निवडले आणि तो जिथे उभा होता त्याच जागी उभे राहून पुन्हा फोटो काढले. गावातल्या वृद्धांना विचारल्याशिवाय अशा जागा सापडत नसतात. आज राष्ट्रीय ग्रंथालयात ही दुसरी हजार चित्रेही जपलेली आहेत.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी कित्येकांच्या पोटमाळ्यावर खोके आहे. त्यात भारतातून येताना आणलेले, आग्फा क्लिक थ्रीने काढलेले चौकोनी कृष्णधवल फोटो आहेत. इथे आल्यावर ३६ च्या रोलवर काढलेले पहिले बर्फ आहे, पहिली भाड्याची खोली आहे, कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीतला गणपती आहे. रोल पुरवून वापरायचा, म्हणून प्रत्येक फोटोमागे थोडा तरी विचार होता. ज्यांना त्यातले चेहरे ओळखू येतात, ती पिढी आता सत्तरी ओलांडते आहे. दुसरीकडे आजोबांचा जुना कॅमेरा मागून नेऊन पुन्हा फिल्मवर फोटो काढणारी मुले आपल्याच घरांत दिसू लागली आहेत. या दोघांना एका टेबलाशी बसवायला हवे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. वर्षातली एक संध्याकाळ नुसती फोटोंसाठी ठेवावी. प्रत्येकाने आपले दहा फोटो आणावेत, बाकीच्यांनी विचारावे, मुलांनी लिहून घ्यावे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढून घ्यावेत, त्या गोंदाने ते खराब होतात. निगेटिव्ह कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवाव्यात. पोटमाळ्यावरची इथली ओल त्यांना मानवत नाही. रंगीत प्रिंट कृष्णधवलपेक्षा लवकर उडतात, म्हणून त्यांची प्रत आधी काढावी. आणि पाठीमागे 'डब्लिन, १९८४' एवढ्यावर थांबू नये. डावीकडून कोण कोण उभे आहे, ते नावानिशी लिहावे.