तारांचे दफ्तर

नगरहून मनमाडकडे जाणारा हमरस्ता जेथे प्रवरा ओलांडतो आणि लोणी, संगमनेर, अकोले या मार्गाने घोटीस जाणारा रस्ता जेथून फुटतो, त्या कोल्हारास भगवतीदेवीच्या दर्शनासाठी उतरलेला प्रवासी वर पाहतो तो देवळाच्या शिखराकडे आणि समोर पाहतो तो दुकानांच्या पाट्यांकडे. या दोहोंच्या मधल्या उंचीवर खांबाखांबांवरून लोंबत गेलेल्या काळ्या तारांकडे पाहण्याचे प्रयोजन त्याला सहसा पडत नाही. मलाही ते पडले नसते. परंतु येथील एका जुन्या व्यापारी पेढीच्या कार्यालयातली, जिन्याखालची, ‘फोनची खोली’ या नावाने अद्याप ओळखली जाणारी कोठडी आवरण्याच्या कामी चार दिवस घालवण्याचा योग आला. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर पितळी टोकांच्या पट्ट्या, आणि त्यांवरून वाटेल तशा ओढलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या, धुळीने एकाच रंगाच्या झालेल्या शेकडो तारा, असे ते दृश्य होते. कावळ्याच्या घरट्यालाही काही रीत असते. येथे तीही दिसेना.

तथापि रीत होती, आणि ती समजून घेण्यास टेलिफोनशास्त्रापेक्षा आपल्या जुन्या जमाखर्चाचीच ओळख अधिक उपयोगी पडली. प्रत्येक फोनास दोन तारा लागतात. त्यांना मिळून ‘पेअर’ म्हणतात. शेजारच्या जोडीतले संभाषण या जोडीत झिरपू नये म्हणून दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो, ही युक्ती खुद्द बेलसाहेबांनी १८८१ साली आपल्या नावे नोंदवून घेतली होती. अशा शेकडो जोड्या एक्स्चेंजमध्ये येऊन ज्या सांगाड्यावर विसावतात त्याला मेन डिस्ट्रिब्युशन फ्रेम, म्हणजे आमच्या लाइनमन मंडळींच्या भाषेत एमडीएफ, म्हणतात. त्याच्या एका अंगास जोड्या लागतात त्या गावातल्या केबलींच्या क्रमाने, म्हणजे पेठ, गल्ली, खांब, पेटी या भूगोलानुसार. दुसऱ्या अंगास त्याच जोड्यांचे धनी उभे असतात ते टेलिफोन क्रमांकांच्या क्रमाने. पहिली बाजू ही कीर्द आणि दुसरी ही खतावणी. कीर्दीतली रक्कम खतावणीत नेणारा जो कारकुनाचा हात, त्याची जागा येथे ‘जंपर’ नावाच्या बारीक, सुट्या तारेच्या जोडीने घेतलेली असते. धनी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत राहावयास गेला, तर केबल हलत नाही, क्रमांकही हलत नाही. हलतो तो केवळ जंपर. कार्यालयातली फळी ही याच व्यवस्थेची धाकटी आवृत्ती होय; आणि पसारा होतो तो बहुधा केबलींचा नव्हे, तर या जंपरांचा होतो, हे एकदा ध्यानात आले म्हणजे अर्धी भीती जाते.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली, कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर, एका खाजगी कंपनीच्या मक्त्याखाली. या तिन्ही शहरांचा कारभार सरकारने स्वतःकडे घेतला तो १९४३ मध्ये. शहरात जे साठ वर्षे नांदले होते ते खेड्यात येण्यास निमित्त लागते, आणि प्रवरेच्या खोऱ्यात ते निमित्त पाण्याने दिले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांखाली ऊस आला, आणि १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्या मुलखात पावसाची वाट पाहणे हाच मुख्य व्यवहार होता, तेथे आता मुंबईचा भाव आज संध्याकाळीच कळणे ही गरज झाली.

ती गरज भागवणारी यंत्रणा मात्र दीर्घकाळ माणसाच्या हाताची होती. ट्रंक कॉल ‘बुक’ करावा, ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग ते सांगून दर ठरवावा, आणि मग ऑपरेटरच्या कृपेची प्रतीक्षा करीत बसावे. पलीकडचा आवाज पोहोचावा म्हणून येथल्या माणसास इतक्या जोराने बोलावे लागे की गल्लीस सौद्याचा तपशील फुकट मिळे. गुप्तता हा टेलिफोनचा गुण आहे, अशी समजूत त्या काळी कोणाची झाली नसावी.

माणसाचा हात काढून घेणारे यंत्र या देशात फार आधी आले होते. सिमल्यास १९१३-१४ मध्येच आपोआप चालणारे एक्स्चेंज बसले होते. पण ते उन्हाळी राजधानीच्या थंड हवेतले कौतुक. खेड्यातली धूळ, उष्मा आणि जाणारीयेणारी वीज सोसणारे यंत्र हवे होते. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने वातानुकूलनावाचून चालणारे ग्रामीण एक्स्चेंज घडवले, १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे त्याचा आरंभ झाला, आणि पुढच्या दशकात या लहान कपाटांनी देशभरच्या खेड्यांतून घर केले. या पिढीची एक खूण आजही शिल्लक आहे: राहाता तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या राहात्याचा एसटीडी संकेतांक ०२४२३, आणि त्याच तालुक्यात, कोल्हारच्या शेजारी असलेल्या लोणीचा मात्र श्रीरामपूरचा ०२४२२. महसूल खात्याचा नकाशा एक आणि दूरसंचार खात्याचा दुसरा. तारेने घातलेली शीव मामलेदाराच्या हुकमाने पुसली गेली नाही.

आता त्या कोठडीकडे वळतो. मला वाटत होते तसा तो गुंता निष्काळजीपणाचा नव्हता. तो भयाचा होता. नवा फोन आला की नवा जंपर ओढावा, जुना बंद झाला तरी त्याची तार काढू नये, कारण ती कोणाची हे लिहिलेले नसल्यामुळे ती तोडण्याचे दायित्व कोणी घेत नाही. आणि अशा रीतीने मेलेल्या तारांच्या ओझ्याखाली जिवंत तारा गाडल्या जातात. ज्या पेढीत पै-पैची नोंद तीन वह्यांत होत होती, तेथे या फळीची साधी यादीही नव्हती, याचे मला नवल वाटले. म्हणून आवरण्याचा आरंभ पक्कडीने नव्हे, वहीने करावा लागला. हाताशी एक निवृत्त वायरमन होते, त्यांना सर्वजण ‘अण्णा’ म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी एकही तार तोडली नाही. केबलीचे आवरण सोलून ते नुसते रंग वाचत बसले. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एका बाजूचे, आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसऱ्या बाजूचे. पाच पंचे पंचवीस जोड्या, आणि प्रत्येकीचे स्थान रंगावरूनच ठरलेले. पांढरा-निळा पहिली, पांढरा-नारिंगी दुसरी, लाल-निळा सहावी. अण्णा हे अशा सुरात म्हणत की एखाद्याला ते उजळणी करीत आहेत असे वाटावे. नंतर चाचणीचा फोन एकेका टोकास लावून, ऐकून, मला क्रमांक सांगावा आणि मी तो लिहावा, असे दोन दिवस चालले. जिवंत लाइनीवर अठ्ठेचाळीस व्होल्टचा दाब असतो, तो बोटास सहसा जाणवत नाही; पण घंटीचा दाब याहून बराच अधिक, त्यामुळे मध्येच कोणाचा फोन आला की अण्णा हात झटकीत आणि फोन करणाऱ्यास दोन शब्द सुनावीत.

चौथ्या दिवशी मेलेल्या तारांचा भारा पोत्यात भरला गेला. राहिली एक जोडी. फोन लावला तरी तीत काहीच ऐकू येईना, नोंदीत तिचा पत्ता नाही, पेढीतल्या कोणास आठवण नाही. मी पक्कड पुढे केली. अण्णांनी ती परत ठेवून, तार जिथे भिंतीत शिरत होती तेथपर्यंत बोट नेले, बाहेर जाऊन खांब मोजले, आणि परत येऊन म्हणाले, “ही वखारीची. तिकडं कांदा पडला की मालक फोन जोडून घेतात. आता वखार रिकामी आहे, म्हणून मुकी.” मी वहीत लिहिले: पांढरा-तपकिरी, जोडी चौथी, कांद्याची वखार, हंगामी. अण्णांनी वाकून ते वाचले आणि ‘हंगामी’खाली रेघ मारावयास सांगितली.