चंद्राच्या मातीवर पोट भरतं का? ग्रहविज्ञानातल्या करिअरची खरी माहिती

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. विक्रम लँडर चंद्रावर उतरलं आणि देशभर फटाके फुटले. तो व्हिडिओ तुम्ही निदान दहा वेळा तरी पाहिला असेल. पण त्यानंतर प्रज्ञान रोव्हरने नेमकं काय केलं, हे विचारलं तर बहुतेकांची गाडी अडते.

प्रज्ञान एकूण १०३ मीटर चालला. म्हणजे आपल्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण त्या प्रवासात त्याने २३ वेळा थांबून मातीत कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते मोजलं. हे मोजणारं एपीएक्सएस नावाचं उपकरण अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत, म्हणजे पीआरएलमध्ये तयार झालं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा पृष्ठभाग म्हणजे वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, जड खनिजं खाली बसली आणि हलकी वर तरंगून त्यांचं कवच झालं, अशी एक कल्पना अपोलोच्या काळापासून मांडली जाते. पण अपोलोचे नमुने चंद्राच्या विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यातले. दक्षिणेकडे, जवळपास ६९ अंश अक्षांशावर, प्रज्ञानला जी माती मिळाली तीही त्याच जातीची निघाली. ५० वर्षांपूर्वीच्या कल्पनेला भारतीय उपकरणाने भक्कम आधार दिला.

हे काम करणारी माणसं म्हणजे ग्रहवैज्ञानिक. हा व्यवसाय नेमका काय आहे, त्यात शिरायचं कुठून, आणि सध्या तिथे हवा कशी आहे, ते पाहूया.

ग्रहविज्ञान म्हणजे खगोलशास्त्र नव्हे (आणि पत्रिका तर नव्हेच)

'ग्रह' म्हटलं की आपल्याकडे आधी शनीची साडेसाती आठवते. ती बाजूला ठेवू. पण खगोलशास्त्राशीही याची गल्लत होते. दूरचे तारे आणि दीर्घिका हा खगोलशास्त्राचा प्रांत. ग्रहविज्ञानाची नाळ जास्त जुळते ती भूशास्त्राशी. खडक कसा बनला, ज्वालामुखी कधी थंडावला, वातावरण कुठे उडून गेलं, असे हे प्रश्न असतात. फरक इतकाच की खडक मंगळावरचा असतो आणि हातोडा तिथपर्यंत पोचत नाही. मग कुणी यानाने पाठवलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यांवरून खनिजं ओळखतं, कुणी उल्कांचे तुकडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतं, कुणी संगणकावर शुक्राचं वातावरण उभं करतं, तर कुणी उपकरणंच बनवतं.

म्हणूनच या क्षेत्रात यायला 'ग्रहविज्ञान' नावाची पदवी लागत नाही. भौतिकशास्त्र, भूशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स, यातली कुठलीही वाट चालते. सीएसआयआर नेट परीक्षेत मात्र 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान' असा स्वतंत्र विषय आहे, हे भूशास्त्राच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी कळतं.

आपल्या अंगणातला मंगळ

मराठी मुलांना या विषयासाठी लांब जायची गरज नाही, असं म्हणण्यामागे उगाच अभिमान नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्केच्या आघाताने बनलं, आणि ते दख्खनच्या बेसॉल्ट खडकात आहे. चंद्रावरच्या काळ्या डागांचा आणि मंगळाच्या मोठ्या भागाचा खडकही बेसॉल्टच. बेसॉल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं आघात विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे. त्यामुळे चंद्र-मंगळावरची विवरं समजून घेण्यासाठी जगभरचे संशोधक इथली माती तपासतात. लोणारचं वय अजूनही वादाचा विषय आहे. जुन्या मोजणीनुसार ते सुमारे ५२ हजार वर्षं होतं, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापटीहून जास्त फरक! एखाद्या पीएचडीला पुरेल एवढा प्रश्न एसटीच्या तिकिटात गाठता येतो.

दुसरं उदाहरण काटोलचं. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात उल्का पडल्या. त्यातल्या एका तुकड्याचा अभ्यास आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झाला आणि त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं. पृथ्वीच्या पोटात सर्वांत जास्त असलेलं खनिज हेच, पण ते शेकडो किलोमीटर खोल असल्याने आपल्या हाती लागत नाही. उल्केच्या मूळ पिंडाला अवकाशात जी जबर टक्कर बसली, तिच्या दाबाने आणि उष्णतेने ते तयार झालं होतं. २०२१ मध्ये हा शोध अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापून आला. आणि गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्राच्या तळातून काढलेल्या अवकाशधुळीचे कण निवडून अभ्यासले जातात. समुद्रकिनारी बसून लघुग्रहांचा अभ्यास करायचा असेल तर याहून चांगली जागा नाही.

'इस्रोत जायचंय' म्हणजे नेमकं कुठे?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. इस्रोची 'सायंटिस्ट/इंजिनियर एससी' या पदाची जी मोठी जाहिरात दर काही काळाने येते, ती मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या इंजिनियरांसाठी असते. सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये आणि वर भत्ते. यातले बहुतेक जण रॉकेट, उपग्रह, सॉफ्टवेअर यांवर काम करतात. उत्तम नोकरी आहे. पण चंद्राच्या मातीतून निष्कर्ष काढणं हे त्यांचं रोजचं काम नव्हे.

ते काम चालतं पीआरएलमध्ये, अहमदाबादच्याच स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रातल्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीत, देहरादूनच्या आयआयआरएसमध्ये. शिवाय आयआयटी खरगपूर, आयआयटी मुंबई, भुवनेश्वरची नायसर अशा शिक्षणसंस्थांमध्ये. १९४७ मध्ये विक्रम साराभाईंनी सुरू केलेली पीआरएल या सगळ्यांत जुनी. तिथे पीएचडीसाठी नेट, गेट किंवा जेस्टसारख्या परीक्षांच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात.

वाट साधारण अशी असते. बीएस्सी, मग आयआयटी जॅम किंवा विद्यापीठाच्या प्रवेशातून एमएस्सी, मग नेट किंवा गेट, मग पाचेक वर्षं पीएचडी, त्यानंतर दोन ते चार वर्षं पोस्टडॉक, तेही बहुधा परदेशात. पक्की नोकरी हाती येईपर्यंत वयाची तिशी उलटलेली असते. घरी 'अजून शिकतोयस का?' हा प्रश्न दर दिवाळीला ऐकावा लागतो, त्याची तयारी ठेवा. पैशांचं म्हणाल तर जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी २०२३ पासून लागू झाले. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिपही आहेत. मात्र त्यांची रक्कम वेळेवर मिळावी म्हणून संशोधकांना आंदोलनं करावी लागली आहेत, हेही लक्षात असू द्या.

एक आतली वाट सांगतो. इस्रोचा 'रिस्पॉन्ड' नावाचा कार्यक्रम विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देतो. पुणे विद्यापीठात आणि आयआयटी मुंबईत इस्रोचे स्पेस टेक्नॉलॉजी सेलही आहेत. अशा प्रकल्पांत दोन-तीन वर्षांसाठी जेआरएफ किंवा प्रोजेक्ट असोसिएटची जागा निघते. तिची जाहिरात पेपरात येत नाही, संस्थेच्या वेबसाइटच्या कोपऱ्यात पडलेली असते. त्या एका जागेने पुढची पीएचडी मिळालेली अनेक मुलं भेटतील.

सध्या हवा कुठल्या दिशेला?

भारतात काम वाढतंय. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एकाच दिवशी दोन मोहिमांना मंजुरी दिली. शुक्राभोवती फिरणारं यान, खर्च १,२३६ कोटी रुपये आणि उड्डाणाचं लक्ष्य मार्च २०२८. आणि चंद्रयान-४, खर्च २,१०४ कोटी रुपये, जे चंद्रावरची माती पृथ्वीवर आणणार आहे. मार्च २०२५ मध्ये जपानबरोबरच्या चंद्रयान-५ लाही हिरवा कंदील मिळाला.

यातली चंद्रयान-४ ची बातमी करिअरच्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे. यान पाठवलं की मोजमापं येतात, पण नमुने आणले की त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम चालतं. अपोलोच्या दगडांवर आजही पेपर निघतात. चीनच्या चांगई-६ ने जून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास १.९ किलो माती आणली. जपानच्या हायाबुसा-२ ने र्‍यूगू या लघुग्रहाचे अवघे ५.४ ग्रॅम आणले, आणि तेवढ्यावर जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. मिलिग्रॅमभर धुळीतून समस्थानिकं मोजणारी माणसं एका वर्षात तयार होत नाहीत. ज्यांना मास स्पेक्ट्रोमीटर चालवता येतो, अतिशुद्ध खोलीत नमुना हाताळता येतो, अशांची गरज लागणार आहे आणि सध्या आपल्याकडे त्यांची संख्या थोडी आहे.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. मंगळावरची यानं चालवणाऱ्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ५३० जणांना घरी पाठवलं, आणि त्यानंतरही कपातीच्या फेऱ्या झाल्या. २०२५ मध्ये व्हाइट हाऊसने नासाच्या विज्ञान विभागाचं बजेट जवळपास निम्मं करण्याचा प्रस्ताव ठेवला. अमेरिकी काँग्रेसने तो बहुतांशी फेटाळला, पण मधल्या काळातल्या अनिश्चिततेचा फटका तरुण संशोधकांना बसायचा तो बसलाच. शिवाय नासाच्या थेट सरकारी नोकऱ्या अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. 'नासात नोकरी' हे स्वप्न विकणाऱ्या महागड्या कोर्सच्या जाहिरातीत ही ओळ कधी दिसत नाही. कुठल्याही खासगी क्लासच्या सर्टिफिकेटवर पीआरएल किंवा नासा कुणाला घेत नाही. त्या पैशात एमएस्सीची एका वर्षाची फी निघते.

परदेशी जायचंच असेल तर जर्मनी आणि जपानकडे जास्त लक्ष द्यावं, असं माझं मत. जर्मनीत पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते आणि गटिंगेनची मॅक्स प्लांक सौरमाला संशोधन संस्था या विषयातलं मोठं नाव आहे. जपानमध्ये मिसासा इथल्या ओकायामा विद्यापीठाच्या ग्रहपदार्थ संस्थेने र्‍यूगूचे नमुने तपासले, आणि जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांसाठीच आहे.

नाहीच जमलं तर?

हा प्रश्न आधीच विचारलेला बरा, कारण पक्क्या जागा मोजक्या आहेत. भारतातल्या खासगी अवकाश कंपन्या प्रामुख्याने रॉकेट आणि पृथ्वीवर नजर ठेवणारे उपग्रह यांत आहेत, मंगळावर संशोधनासाठी पगार देणारी कंपनी शोधत बसू नका. पण उपग्रहाच्या चित्रातून खनिज ओळखण्याचं कौशल्य चंद्रावर जसं चालतं तसं चंद्रपूरवरही चालतं. खाणकाम, भूजल, पीकपाहणी या क्षेत्रांत ते थेट कामी येतं. भूशास्त्रवाल्यांसाठी यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. आणि गंमत म्हणजे देशात पडलेल्या उल्कांचा सांभाळही याच खात्याकडे आहे.

आज रात्री काय करता येईल?

इस्रोचं 'प्रदान' नावाचं पोर्टल उघडा. चंद्रयान-२, चंद्रयान-३ आणि मंगळयानाचा डेटा तिथे नोंदणी करून फुकट उतरवता येतो. नासाचा सगळा डेटाही खुला आहे. आयआयआरएस ऑनलाईन कोर्स मोफत चालवतं, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इस्रोचा 'स्टार्ट' कार्यक्रम आहे आणि घरात नववीतलं कुणी असेल तर 'युविका' शिबिराच्या तारखेवर लक्ष ठेवा. सोबत पायथॉन आणि क्यूजीआयएस शिकायला घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि मुलाखतीत दोन्ही विचारतात.

डेटा उतरवून होतं काय, असं वाटत असेल तर षण्मुग सुब्रमण्यन यांचं उदाहरण आहे. चेन्नईचा हा इंजिनियर ना इस्रोत होता ना नासात. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चं विक्रम लँडर कोसळल्यावर त्याने नासाच्या चांद्र यानाची खुली चित्रं उतरवली आणि घरी बसून जुनं चित्र, नवं चित्र असं एकेक ठिपका लावून तपासत राहिला. एक ठिपका वेगळा दिसला. त्याने नासाला ईमेल केला, आणि डिसेंबरमध्ये नासाने अवशेष सापडल्याचं जाहीर करताना त्याला श्रेय दिलं.