परतलेला सैनिक परततो कुठे?

पाश्चात्त्य टीव्हीपटांत एक प्रसंग हमखास असतो. युद्ध संपलेलं आहे, सैनिक गावच्या वेशीवर उभा आहे आणि घराला तो ओळखूच येत नाही. तिथं सैनिक बदललेला असतो. आपल्याकडे उलटं झालं : सैनिक तर बदलून आला, पण गाव बदललं नाही.

गोपाळबाबा वलंगकर 1886 साली पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला आले. पलटणीत महार शिपायाला हुद्दा मिळे, शिक्षण मिळे. गावात विटाळ तसाच. मग त्यांनी लेखणी घेतली. पुढे सरकारनं महारांची सैन्यभरतीच बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्जही तयार केला.

दुसरं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे, पण या बाजूनं बघा. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. 1901 साली ते गोरेगावला खजिनदार होते. त्यांची मुलं त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. कपडे नीटनेटके, जवळ पैसे. जात कळली आणि स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की बैल मुलांनीच हाकायचे, तो पायी चालणार. डब्यात जेवण होतं, प्यायला पाणी मिळालं नाही. त्या मुलांत भीमराव होता.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून हेगेल आठवतो. तो म्हणतो, जिवाची बाजी लावणाऱ्यालाच दुसऱ्याकडून मान्यता मिळते. आता सांगा, ही बाजी तर इथंही लावली गेली होती. मान्यता कुठे गेली? जातीनं हेगेलचं गणितच चुकवलं. शौर्य रणांगणावर मोजलं गेलं, माणूसपण मात्र पाणवठ्यावर.

म्हणून नोव्हेंबर 1927 मध्ये इथं अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली आणि त्या सुभेदाराचा मुलगा अध्यक्षस्थानी बसला, ही मला निव्वळ देवळाची गोष्ट वाटत नाही. बापाचं अर्धवट राहिलेलं परतणं मुलगा पुरं करू बघत होता. पुढे 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, पलटणीचं दार पुन्हा उघडलं.

गावाचं दार? त्याचं उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकाला विचारू नका. घरी जाताना आपापल्या गावच्या विहिरीला विचारा.