‘जाम’ : एक शब्द, अनेक कुळे

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वकिलीत नवखा होतो आणि आमच्या भागातील एका न्यायालयात शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या मारहाणीचा खटला चालू होता. साक्षीला उभा राहिलेला शेतकरी आपल्या रोजच्या मराठीत म्हणाला, “मी जामापाशी उभा होतो जी.” साक्ष हिंदीत उतरवली जात होती. कागदावर आले, ‘मैं जाम के पास खड़ा था.’ उलटतपासणीत विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी नकाशा पुढे केला. जाम नदी त्या शेतापासून बरीच दूर होती. नदीपाशी उभ्या माणसाला शेतातील मारहाण दिसणे शक्य नव्हते. अर्थात साक्षीदार खोटा! साक्षीदार गोंधळला, घामाघूम झाला. शेवटी माझ्या वरिष्ठांनी फेरतपासणीत एकच प्रश्न विचारला, “कोणता जाम?” तो म्हणाला, “खायचा जाम, जी. धुऱ्यावरचा.”

ज्याला पुण्या-मुंबईकडे पेरू म्हणतात आणि हिंदीत अमरूद, त्याला आमच्याकडे आणि विदर्भात जाम किंवा जांब म्हणतात. साक्षीदार पेरूच्या झाडापाशी उभा होता. त्याच्या वाक्यातच त्याचा पुरावाही होता. फळझाड पुल्लिंगी, म्हणून ‘जामापाशी’. नदी स्त्रीलिंगी, ती अभिप्रेत असती तर तो ‘जामेपाशी’ किंवा ‘जामनदीपाशी’ म्हणाला असता. मराठीच्या सामान्यरूपाने जपलेला हा भेद हिंदीच्या ‘जाम के पास’मध्ये पुसला गेला. त्या दिवसापासून हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या मनात घर करून आहे. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत तो पावलोपावली भेटतो. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहते ती जाम नदी. सौंसरजवळ हनुमंताचे प्रसिद्ध स्थान आहे ते जामसावळीचे. पलीकडे वर्धा जिल्ह्यात, नागपूर–हैदराबाद रस्त्यावर, जाम नावाचे गावच आहे. तेव्हा या शब्दाच्या कुळांचा शोध घेणे हे आमच्यासाठी घरचेच काम आहे.

पहिले कूळ फळाचे. संस्कृतात ‘जम्बु’ किंवा ‘जम्बू’ म्हणजे जांभळाचे झाड. त्यापासून मराठीत जांभूळ आणि जांब, हिंदीत जामुन, गुजरातीत जांबू आणि बंगालीत थेट ‘जाम’. आपला देश ज्या द्वीपात आहे त्याला प्राचीनांनी नाव दिले तेही याच झाडावरून, जंबुद्वीप. सम्राट अशोकाच्या रूपनाथ येथील शिलालेखात हे नाव कोरलेले आहे आणि ते रूपनाथ आमच्याच मध्य प्रदेशात आहे. पुढे पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेहून एक नवे फळ आले. नव्या फळाला नवे नाव शोधण्यापेक्षा ओळखीचे नाव देणे लोकांना सोपे वाटले. वऱ्हाड-नागपूर आणि छत्तीसगडातील लोकांनी त्याला जांब, जाम म्हटले. तेलुगू भाषकांनी ‘जामा’ म्हटले. संस्कृतातील हा शब्द समुद्रापार मलय भाषेत आधीच ‘जांबू’ होऊन पोहोचला होता. तेथेही पेरूला ‘जांबू बातू’, म्हणजे दगडी जांब, असे नाव पडले. ज्या वाटेने आमचा शेतकरी गेला, त्याच वाटेने मलयातील शेतकरी गेला.

नागपूरला शिकत असताना पश्चिम महाराष्ट्रातून आलेला माझा एक सहनिवासी “जाम खाल्ला” या माझ्या वाक्यावर पोट धरून हसला होता. त्याच्या मते ती हिंदीच्या सहवासाने बिघडलेली मराठी होती. आज तो भेटला तर मी त्याला सांगेन की हिंदीत या फळाला जाम म्हणतच नाहीत. हिंदीतील ‘अमरूद’ हा फारसी शब्द असून फारसीत त्याचा अर्थ नासपती असा आहे. त्याचा ‘पेरू’ दक्षिण अमेरिकेतील एका देशाच्या नावावरून आलेला आहे. म्हणजे परक्या फळासाठी हिंदीने शब्द इराणमधून घेतला आणि पुणेरी मराठीने तो सातासमुद्रापलीकडून आणला. आमच्या मराठीने तो आपल्या रानातून घेतला. यातील कोणती भाषा बिघडली, हे वाचकांनी ठरवावे. एवढे मात्र खरे की त्याच्या ताटातील ‘गुलाबजाम’मध्ये तोच जाम सुखाने नांदत होता!

दुसरे कूळ प्रहराचे. संस्कृतात ‘याम’ म्हणजे दिवसरात्रीचा आठवा भाग, तीन तासांचा काळ. रात्रीला यामिनी म्हणतात ते त्यावरूनच. प्राकृतात शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो. यात्रेची जत्रा झाली, यवाचे जव झाले, यज्ञोपवीताचे जानवे झाले. त्याच नियमाने यामाचा जाम झाला. जुन्या हिंदी काव्यात ‘आठों जाम’ म्हणजे अष्टौप्रहर. तेलुगूत आजही ‘जामु’ म्हणजे प्रहर आणि ‘जामा’ म्हणजे पेरू. एका भाषेत शेजारी राहणाऱ्या या दोन शब्दांचे गोत्र पूर्णपणे वेगळे आहे.

तिसरे कूळ इराणचे. फारसीत ‘जाम’ म्हणजे पेला. फारसी काव्यात ‘जाम-ए-जम’ची कल्पना फार प्रिय आहे. जमशीद राजाच्या त्या पेल्यात म्हणे सारे जग दिसत असे. या जोडशब्दातील दुसरा शब्द, ‘जम’, आपल्याला अधिक जवळचा आहे. जमशीद हे नाव अवेस्तातील ‘यिम’ या राजाचे आणि हा यिम म्हणजे आपल्या वेदांतील यमाचा भाऊबंद. आपल्या प्राकृतांप्रमाणे फारसीनेही ‘य’चा ‘ज’ केला. आपल्या जवाला फारसीतही ‘जौ’ म्हणतात. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकच बदल केला आणि निरनिराळे शब्द एकसारखे दिसू लागले. सिंधमधील सम्मा घराण्याचे राजे ‘जाम’ ही पदवी लावीत आणि आपला वंश जमशीदशी जोडीत. त्याच पदवीचे जाम रावळ यांनी 1540 मध्ये काठेवाडात नवानगर वसवले. तेच आजचे जामनगर. क्रिकेटपटू रणजितसिंहजी 1907 मध्ये तेथील जामसाहेब झाले.

चौथे कूळ माझ्या व्यवसायाचे आहे. ‘जामीन’ हा शब्द पाहताच त्यात कोणालाही ‘जाम’ दिसेल, पण तो मूळचा अरबी ‘दामिन’, म्हणजे हमी घेणारा माणूस. अरबीतील तो विशिष्ट ‘द’ फारसीत ‘झ’सारखा उच्चारला गेला आणि दरबारी फारसीमार्फत शब्द आपल्याकडे आला. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग झाला. तरीही जामीन, दावा, फिर्याद हे शब्द टिकले आणि ‘वकील’ही टिकला, हे माझे भाग्य! हिंदीत याच धातूपासूनचा ‘जमानत’ रूढ आहे. जमानत म्हणजे हमी आणि जामीन म्हणजे ती देणारा. मराठीतील ‘जामीन राहणे’ या प्रयोगात हा मूळ अर्थ जसाच्या तसा शिल्लक आहे. आमचा पक्षकार दारात ‘जामीन झाला का’ म्हणून विचारतो आणि आत अर्ज ‘जमानत’चा असतो. पायजामा आणि जामानिमा यांतील ‘जामा’ हे फारसी वस्त्र होय, तर जामा मशिदीतील ‘जामा’ हा ‘एकत्र आणणारी’ या अर्थाचा अरबी शब्द. जमाव, जमात आणि जमाबंदी ही त्याचीच भावंडे.

पाचवे कूळ इंग्रजी. चेपणे, दाबून बसवणे या अर्थाचे तेथील क्रियापद अठराव्या शतकाच्या प्रारंभी आढळते. फळे चेचून केलेल्या मुरंब्याला तेच नाव पडले आणि गर्दीने अडलेल्या रस्त्यालाही. आपल्या ‘चक्का जाम’मधील जाम हाच. तरुण मुले ‘जाम आवडले’ म्हणतात, तोही या ‘गच्च भरलेल्या’ अर्थातूनच आला असावा.

मग आमच्या नदीचे कूळ कोणते? वकिलाच्या पद्धतीने दावेदार तपासू. इंग्रजी शब्द कालची गोष्ट. नदीचे नाव त्यापूर्वीचे. पेला आणि प्रहर यांवरून लोक नद्यांना नावे ठेवीत नाहीत. जांभळाचे झाड मात्र ओढ्या-नद्यांच्या काठीच फोफावते आणि झाडांवरून पडलेली गाव-नद्यांची नावे मराठी मुलखात शेकड्यांनी आहेत. पुरावा परिस्थितीजन्य आहे, तरी माझ्या मते कौल जांभळाच्या बाजूनेच जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीच्या पात्रात पळस रोवून पांढुर्णा आणि सावरगावची माणसे गोटमार खेळतात. गोटा आणि मार हे दोन्ही शब्द कोणत्या भाषेचे, हे सांगायला व्युत्पत्तिकोश उघडावा लागत नाही.

आता या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा हिंदी जिल्हा म्हणून मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेचा आमचा मराठी मुलूखही त्याच्याबरोबर राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमारेषा हलवण्याची मागणी या लेखात नाही. मागणी एवढीच की माणसाचा शब्द त्याच्या अर्थासह ऐकला जावा. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास त्याच भाषेत साक्ष उतरवावी, अन्यथा तिचे खरे भाषांतर करावे, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 277 सांगत होते. लहान मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद 350-क सांगतो. तो 1956 मध्येच, या पुनर्रचनेच्याच वेळी, घातला गेला. कायदा आहे. तो वापरायचा तर आपली भाषा वेगळी आहे, हे आधी आपल्याला माहीत असावे लागते.

आमची नवी पिढी शाळेत हिंदी शिकते; तिने ती उत्तम शिकावी. पण घरात बोलतो ती ‘बिघडलेली हिंदी’ आहे असे तिला कोणी सांगितले, आणि सीमेपलीकडच्या आप्तांनी ‘बिघडलेली मराठी’ म्हणून हसून त्यावर शिक्का मारला, तर तिने उभे तरी कोठे राहायचे? पलीकडच्या बंधू-भगिनींना म्हणूनच विनंती आहे. आमचा एखादा शब्द कानाला वेगळा लागला तर हसण्यापूर्वी त्याचे कूळ विचारा. आणि इकडच्या मित्रांनो, आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचे असे शब्द अर्थासह, लिंगासह, सामान्यरूपासह वहीत उतरवून ठेवा.

त्या शेतकऱ्याची साक्ष अखेर ग्राह्य धरली गेली. न्यायालयाबाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “वकीलसाहेब, मी तं सरळच बोललो होतो जी.” तो खरोखरच सरळ बोलला होता.