मडगावचे मैदान आणि जमावबंदीचे कलम

१८ जून १९४६ रोजी मडगावात जी सभा भरली, तिला पोर्तुगीज सरकारची परवानगी नव्हती. डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी त्या सभेपुढे उभे राहून जो प्रश्न उभा केला, तो केवळ परकीय सत्तेपुरता नव्हता. चार माणसांनी एकत्र जमून बोलण्यासाठी सरकारची अनुमती का घ्यावी, हा तो प्रश्न. भाषण पुरे होण्याआधीच लोहियांना अटक झाली. ते मैदान आज त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्या दिवशी आपण क्रांतिदिन साजरा करतो. मात्र पुढे स्वतंत्र भारतातही हाच प्रश्न लोहियांनी आणि गोवा मुक्तिलढ्यातील त्यांचे सहकारी मधू लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जमावबंदीच्या कायद्याचा आजचा अर्थ बऱ्याच अंशी या दोघांच्या खटल्यांतून घडला आहे.

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी त्यावर 'वाजवी निर्बंध' घालता येतात. या 'सार्वजनिक सुव्यवस्थे'ची व्याप्ती किती, यावर सारा वाद फिरतो. १९५४ साली उत्तर प्रदेशात कालव्याच्या पाण्याचे दर वाढले, तेव्हा वाढीव रक्कम भरू नका, असे लोहियांनी जाहीर सभांतून सांगितले. सरकारी देणे देऊ नका अशी चिथावणी देणे हा १९३२ च्या एका ब्रिटिशकालीन कायद्याने गुन्हा होता. त्याखाली त्यांना पकडण्यात आले. अशा ठिणगीतून उद्या वणवा पेटू शकतो, असा सरकारचा युक्तिवाद होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. भाषण आणि अव्यवस्था यांचा संबंध निकटचा असला पाहिजे, ओढूनताणून जोडलेला चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले.

१९६५ चा खटला अधिक बोलका आहे. लोहिया तेव्हा लोकसभेचे सदस्य होते. १९६२ ची आणीबाणी उठलेली नव्हती आणि भारत संरक्षण नियमांखाली त्यांना पाटण्यात स्थानबद्ध करण्यात आले होते. नियमात शब्द होते 'सार्वजनिक सुव्यवस्था'. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात लिहिले होते 'कायदा व सुव्यवस्था'. एवढ्याशा शब्दभेदाने काय बिघडले, असे कोणालाही वाटेल. न्या. हिदायतुल्ला यांनी ते तीन वर्तुळांच्या चित्राने समजावले. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आतले राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन दारुड्यांची मारामारी पहिल्या वर्तुळात पडेल; तिने गावाचे जीवन विस्कळीत होत नसेल तर दुसऱ्यात पडणार नाही. बाहेरच्या वर्तुळाचे कारण दाखवून आतल्या वर्तुळासाठी दिलेला अधिकार वापरता येत नाही. बहुमताने आदेश रद्द झाला, आणि तोही आणीबाणी चालू असताना.

लिमये यांच्या वाट्याला मात्र असे यश आले नाही. १९५५ च्या गोवा सत्याग्रहाबद्दल पोर्तुगीज न्यायालयाने त्यांना १२ वर्षांची शिक्षा ठोठावली होती व सुमारे १९ महिने त्यांनी तुरुंगात काढले होते. १९७० साली मुंगेरच्या खटल्यात त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमालाच आव्हान दिले. सात न्यायमूर्तींच्या पीठाने कलम वैध ठरवले. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातून उद्भवलेल्या बाबूलाल पराते खटल्यातही १९६१ साली हेच झाले होते. मात्र परिस्थितीची निकड हाच या अधिकाराचा गाभा आहे, असे सात न्यायमूर्तींनी नमूद केले. व्यवहारात नेमका याच अटीचा विसर पडतो.

१ जुलै २०२४ पासून १४४ वे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ वे झाले. आकडा बदलला, गाभा तोच राहिला. 'पाच किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येऊ नये' हे वाक्य प्रत्येक आदेशात असते, म्हणून ते कलमातच आहे असा सार्वत्रिक समज आहे. कलमात पाचाचा आकडा कुठेही नाही. तो बेकायदा जमावाच्या व्याख्येतून आला आहे. आदेश लेखी हवा आणि ज्या वस्तुस्थितीमुळे तो द्यावा लागला ती त्यात नमूद हवी. त्याची मुदत दोन महिने. जीविताचा, आरोग्याचा किंवा दंगलीचा धोका असेल तर राज्य सरकार ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकते. जम्मू-काश्मीरमधील निर्बंधांसंबंधीच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. न्याय्य मतप्रदर्शन किंवा गाऱ्हाणे दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही आणि एकामागून एक तेच आदेश काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, असेही बजावले.

दंगल पेटण्याच्या बेतात असताना न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत बसता येत नाही, हे खरेच. २०२० च्या मार्चमध्ये साथ रोखण्यासाठी हेच कलम देशभर वापरले गेले, तेव्हा त्याची गरज फार थोड्यांनी नाकारली. गाऱ्हाणे आहे ते सवयीचे. सण आला, निवडणूक आली, अधिवेशन आले की आदेश निघतो आणि कारणांच्या जागी गेल्या वर्षीचाच मजकूर उतरतो. सीमेपलीकडे बेळगावात डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या वेळी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारून जमावबंदी लागू झाली होती. त्या मेळाव्याने कोणते वर्तुळ ओलांडले असते, याचे उत्तर आदेशातल्या वस्तुस्थितीतच शोधावे लागते.

आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या २२३ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जीवित, आरोग्य वा सुरक्षितता धोक्यात आल्यास किंवा दंगलीचे कारण घडल्यास मर्यादा एक वर्ष व ५,००० रुपये. जुन्या कायद्यात पहिल्या प्रकारासाठी कमाल दंड किरकोळ होता, २०० रुपयांचा. मात्र नुसत्या अवज्ञेने गुन्हा पुरा होत नाही. तिच्यामुळे अडथळा, इजा, दंगल यांसारखे काही घडले किंवा घडण्याचा संभव होता, हे दाखवावे लागते. शिवाय संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार असल्याखेरीज न्यायालयाला त्याची दखल घेता येत नाही.

आदेशाने बाधित झालेल्या कोणालाही तो रद्द करण्यासाठी किंवा बदलण्यासाठी अर्ज करता येतो. दंडाधिकाऱ्यांनी अर्जदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची लवकरात लवकर संधी द्यायची असते आणि अर्ज फेटाळायचा तर कारणे लेखी नोंदवायची असतात. उच्च न्यायालयात जाण्याआधी ही पायरी प्रत्येकाला खुली आहे. अर्ज साध्या कागदावरही चालतो आणि त्यासाठी आदेशाची प्रत मागून घेणे हे पहिले काम.